आजारी नेमके कोण? इंग्रजी वाक्यातील जागेची शिस्त

शाळेत इंग्रजीतून रजेचा अर्ज लिहायला शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी पुढील वाक्य लिहिलेले असते: ‘बीइंग सिक, काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज.’ वाचणाऱ्याला अर्थ कळतो, रजा मंजूर होते आणि विषय तिथेच मिटतो. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने मात्र या वाक्यात आजारी आहेत ते मुख्याध्यापक. स्वल्पविरामाच्या आधीच्या ‘बीइंग सिक’ या शब्दांना स्वतःचा कर्ता नाही आणि असा कर्ता नसेल तर तो पुढच्या मुख्य वाक्यातून घ्यायचा, हा इंग्रजीचा संकेत आहे. मुख्य वाक्य विनंतीचे असल्यामुळे त्याचा न लिहिलेला कर्ता ‘तुम्ही’ हा ठरतो. त्यामुळे अर्जाचा काटेकोर अर्थ ‘आपण आजारी असल्यामुळे मला दोन दिवसांची रजा द्यावी’ असा होतो. मुख्याध्यापक आजारी पडले म्हणून विद्यार्थ्याला रजा हवीशी वाटणे अगदीच अशक्य नव्हे, परंतु अर्जाचा हेतू सहसा तो नसतो.

आता हेच वाक्य मराठीत लिहून पाहू. ‘आजारी असल्यामुळे मला दोन दिवसांची रजा मंजूर करावी.’ या वाक्यावर कोणीही लाल खूण करणार नाही. ‘असल्यामुळे’ या रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असला पाहिजे, अशी सक्ती मराठीत नाही. आजारी कोण, हे ‘मला’ या शब्दावरून आणि प्रसंगावरून समजून घेतले जाते. म्हणजे शब्द इंग्रजी असले तरी अर्जातील वाक्याची घडण मराठी आहे. मराठी वाक्यात जे काम प्रत्यय, लिंग-वचन आणि विभक्ती करतात, त्यातील बराचसा भाग इंग्रजीत शब्दाच्या जागेवर सोपवलेला असतो. मराठीत विचार करणाऱ्या माणसाचे लक्ष त्या जागेकडे जात नाही, कारण तशी गरज त्याला लहानपणापासून फारशी पडलेलीच नसते. ‘मिसप्लेस्ड मॉडिफायर’ (चुकीच्या जागी पडलेले विशेषक, म्हणजे दुसऱ्या शब्दाविषयी अधिक माहिती देणारा शब्द किंवा वाक्यांश), ‘डँगलिंग मॉडिफायर’ (कर्ता न सापडलेले, लोंबकळणारे विशेषक) आणि ‘सर्वनामाचा संदिग्ध संदर्भ’ या नावांनी इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत जे स्वतंत्र दोष दिलेले असतात, ते मराठी लेखकाच्या बाबतीत पुष्कळदा या एकाच मुळातून उगवतात.

मूळ समजण्यासाठी रसवंतीच्या पाटीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. ‘ताजा उसाचा रस’ असे लिहिले तर ताजा आहे तो रस, आणि ‘ताज्या उसाचा रस’ असे लिहिले तर ताजा आहे तो ऊस. पहिल्या पाटीत ‘ताजा’ आणि ‘रस’ यांच्या मध्ये ‘उसाचा’ हा शब्द येऊन बसला आहे, तरीही गोंधळ होत नाही, कारण ‘ताजा’ या विशेषणाच्या रूपातच त्याचे विशेष्य कोणते याची खूण आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘फ्रेश शुगरकेन ज्यूस’ एवढेच म्हणावे लागते. ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘पुस्तकांचे जुने दुकान’ ही आपल्याला दोन वेगळी दुकाने वाटतात, इंग्रजीतील ‘ओल्ड बुक शॉप’ या शब्दांतून मात्र जुने काय आहे ते कळत नाही, कारण तेथील विशेषण कोणत्याही नामापुढे सारखेच राहते.

विशेषणाचे रूप बदलेनासे झाले की मराठीचेही असेच होते, याचा पुरावा दुसऱ्या एका पाटीवर सापडतो. ‘शुद्ध गाईचे तूप’ या पाटीत शुद्ध कोण, गाय की तूप? ‘शुद्ध’ हे विशेषण अकारान्त असल्यामुळे त्याला लिंग-वचनाचा किंवा सामान्यरूपाचा विकार होत नाही आणि वाचणाऱ्याच्या हाती खूण उरत नाही. अशा वेळी मराठीलाही शब्दाची जागाच बदलावी लागते आणि ‘गाईचे शुद्ध तूप’ असे लिहावे लागते. मराठीत रूप न बदलणाऱ्या विशेषणांपुरती येणारी ही अडचण इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक विशेषणाच्या बाबतीत येते, असे समजले तर पुढचा सगळा विषय सोपा होतो.

इंग्रजी भाषा नेहमीच अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना लिंग होते, विभक्तीची रूपे होती आणि विशेषणेही नामाप्रमाणे बदलत. आज सर्वत्र ‘द’ एवढेच रूप असलेल्या शब्दाचे त्या काळी पुल्लिंगी कर्त्यासाठी ‘से’ आणि पुल्लिंगी कर्मासाठी ‘थोने’ असे वेगळे रूप होते, त्यामुळे राजाने सिंहाला मारले की सिंहाने राजाला, हे शब्दांचा क्रम उलटसुलट केला तरी समजू शकत असे. पुढे साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ही रूपे झिजत गेली आणि त्यांचे काम शब्दक्रमाकडे आले. इंग्रजीत शब्द कुठे ठेवला याला आज एवढे महत्त्व आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

सुट्या विशेषणापेक्षा अधिक त्रास देतात ते शब्दयोगी अव्ययासारखे काम करणाऱ्या शब्दांनी सुरू होणारे वाक्यांश. ‘द पोलीस हिट द थीफ विथ अ स्टिक’ या वाक्यात काठी पोलिसांच्या हातात आहे की चोराच्या, हे सांगता येत नाही. मराठीत ‘चोराला काठीने मारले’ आणि ‘काठी घेतलेल्या चोराला मारले’ यांतून निवड केल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. इंग्रजीतील ‘विथ’ मात्र ‘ने’ हे काम करतो, ‘सह’ हे करतो आणि ‘असलेला’ हेही करतो. असे वाक्यांश एकापुढे एक जोडले की संदिग्धता किती झपाट्याने वाढते, हे १९८२ साली केनेथ चर्च आणि रमेश पाटील या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामागे असा एक वाक्यांश असेल तर वाक्याची जोडणी दोन प्रकारे लावता येते, दोन असतील तर पाच, तीन असतील तर चौदा आणि चार असतील तर बेचाळीस प्रकारे. गणितात या क्रमाला कॅटलान संख्या म्हणतात. म्हणजे ‘शी सॉ द बॉय विथ द अंब्रेला नियर द टेम्पल ऑन द हिल’ या साध्या दिसणाऱ्या वाक्याचे रचनेच्या दृष्टीने चौदा अर्थ संभवतात. टेकडीवर देऊळ आहे, मुलगा आहे की पाहणारी बाई आहे? छत्री मुलाकडे आहे की छत्रीच्या साहाय्याने पाहिले गेले? यातील बहुतेक अर्थ आपला मेंदू हसण्याइतकाही वेळ न देता बाजूला सारतो, म्हणून वाचन सुरळीत चालते. मात्र दोन अर्थ सारखेच संभाव्य असतात तेव्हा हा आपोआप होणारा निवाडा थांबतो, आणि प्रकरण कधीकधी खऱ्या न्यायालयात जाते.

असे एक प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२१ रोजी निकालात काढले. फेसबुकवर कधीही खाते नसलेल्या एका माणसाला, ‘तुमच्या खात्यात कोणीतरी शिरण्याचा प्रयत्न केला आहे’ अशा अर्थाचे संदेश फोनवर येत होते. नको असलेल्या स्वयंचलित कॉलना आळा घालण्यासाठी तेथे १९९१ साली झालेल्या कायद्याचा आधार घेऊन त्याने दावा लावला. त्या कायद्यात प्रत्येक बेकायदा कॉलमागे ५०० डॉलर भरपाईची तरतूद आहे. ज्या यंत्राला कायदा लागू होतो त्याची व्याख्या मात्र अशी होती, की ते यंत्र दूरध्वनी क्रमांक ‘स्टोअर ऑर प्रोड्यूस’ करू शकते, म्हणजे साठवू किंवा तयार करू शकते, त्यापुढे स्वल्पविराम, आणि त्यापुढे ‘युझिंग अ रँडम ऑर सिक्वेन्शियल नंबर जनरेटर’, म्हणजे वाटेल तसे किंवा ओळीने आकडे काढणारी यंत्रणा वापरून. प्रश्न असा, की हा शेवटचा तुकडा फक्त ‘तयार करणे’ या क्रियेला लागतो की ‘साठवणे’ या क्रियेलाही लागतो. फक्त ‘तयार करणे’ या क्रियेला लागत असेल, तर क्रमांक साठवून आपोआप फिरवणारे कोणतेही साधन, अगदी खिशातला साधा स्मार्टफोनसुद्धा, कायद्याच्या कचाट्यात येतो. दोन्हींना लागत असेल, तर नेमक्या क्रमांकांवर संदेश पाठवणारी फेसबुकची व्यवस्था व्याख्येतून सुटते. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी लिहिलेल्या निकालात दुसरा अर्थ ग्राह्य धरण्यात आला. एकाच प्रकारच्या क्रियांच्या जोडीनंतर आलेले विशेषक सामान्यतः संपूर्ण जोडीला लागते, असा संकेत त्यात आधाराला घेतला होता, आणि विशेषकापूर्वीचा तो स्वल्पविरामही या अर्थाच्या बाजूने मोजला गेला.

या व्याख्येचे मराठी भाषांतर करायला घेतले तर एक गंमत लक्षात येते. मराठीत ‘वापरून’ हा तुकडा आधी येणार: ‘आकडे काढणारी यंत्रणा वापरून दूरध्वनी क्रमांक साठवणारे किंवा तयार करणारे यंत्र’. इंग्रजीत तो ‘तयार करणे’ या शब्दाच्या शेजारी होता, मराठीत तो ‘साठवणे’ या शब्दाच्या शेजारी आला. त्यामुळे वकिलांनी ज्या अर्थावर एवढी शक्ती खर्च केली, तो ‘फक्त तयार करणे’ हा अर्थ मराठी वाचकाच्या मनातसुद्धा येणार नाही. भाषांतरकाराने न्यायालयाच्या आधीच निकाल देऊन टाकलेला असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. कायद्याचे किंवा कराराचे भाषांतर करणाऱ्यांनी अशा जागी थोडे थांबावे, असे मला वाटते.

लहान शब्दांपैकी सर्वांत खोडकर शब्द म्हणजे ‘ओन्ली’. मराठीत ‘च’ हे अक्षर ज्या शब्दाला चिकटते त्याच्यावरच जोर देते आणि तिथून हलत नाही. ‘तिने मला पाचशे रुपये उसने दिले’ या वाक्यात ‘तिनेच’ म्हटले तर दुसऱ्या कोणी दिले नाहीत, ‘मलाच’ म्हटले तर इतरांना मिळाले नाहीत, ‘पाचशेच’ म्हटले तर रक्कम अपुरी होती आणि ‘उसनेच’ म्हटले तर ते परत करावे लागणार आहेत. इंग्रजीत यासाठी ‘ओन्ली’ हा सुटा शब्द जागोजागी नेऊन ठेवावा लागतो: ‘ओन्ली शी लेंट मी’, ‘शी लेंट ओन्ली मी’, ‘शी लेंट मी ओन्ली फाइव्ह हंड्रेड रुपीज’. बोलताना इंग्रज लोक तो बहुधा क्रियापदाआधी टाकतात, ‘शी ओन्ली लेंट मी फाइव्ह हंड्रेड’ असे म्हणतात, आणि आवाजाच्या चढउताराने अर्थ सावरतात. कागदावर आवाज नसतो. त्यामुळे लिहिलेल्या वाक्यात ‘पाचशेच’ आणि ‘उसनेच’ हे दोन्ही अर्थ शिल्लक राहतात, आणि रक्कम परत मागण्याची वेळ आली की फरक जाणवतो. मराठी लेखकासाठी यावर साधा उपाय आहे: मनातल्या मराठी वाक्यात ‘च’ कोणत्या शब्दाला लागला आहे ते पाहावे आणि ‘ओन्ली’ त्या शब्दाच्या लगेच आधी ठेवावा. ‘ऑलमोस्ट’, ‘नियरली’, ‘जस्ट’ आणि ‘ईव्हन’ या शब्दांनाही हीच शिस्त लागू आहे.

दोन्हींकडे पाहणारा शब्द हा याचाच एक उपप्रकार असून त्याला इंग्रजीत तिरळे विशेषक म्हणतात. ‘पीपल हू रीड धिस नोटिस क्विकली अंडरस्टँड इट’ या वाक्यात सूचना भरभर वाचली जाते की लवकर कळते, ते ठरत नाही, कारण ‘क्विकली’च्या डावीकडेही क्रियापद आहे आणि उजवीकडेही. त्याला एका टोकाला सरकवले की काम भागते.

आता पुन्हा रजेच्या अर्जाकडे, म्हणजे लोंबकळणाऱ्या विशेषकाकडे वळू. हा दोष मराठी माणसाच्या इंग्रजीत वारंवार दिसतो. ‘व्हाइल गोइंग टु ऑफिस, द बस ब्रोक डाउन’ हे वाक्य घ्या. मागे मराठी वाक्य उभे आहे: ‘ऑफिसला जाताना बस बंद पडली.’ ‘ताना’ हे रूप अतिशय उदार आहे. त्याचा कर्ता वेगळा असला तरी चालतो, मुळीच सांगितला नाही तरी चालतो. ‘आंघोळ करताना फोन वाजला’ असे म्हटले म्हणून फोनने आंघोळ केली, असे कोणी समजत नाही. ‘ल्यावर’ आणि ‘ल्यामुळे’ ही रूपेही तशीच उदार आहेत.

परंतु मराठीत एक कडक रूपही आहे, आणि इंग्रजीची शिस्त समजून घ्यायला तेच उपयोगी पडते. ते म्हणजे ‘ऊन’. ‘रत्नागिरीला पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘रत्नागिरीला पोहोचून पाऊस सुरू झाला’ असे म्हणून पाहा. व्याकरणाचा एकही नियम पाठ नसलेल्या माणसालाही ते खटकेल. पाऊस एसटीने रत्नागिरीला उतरला आणि मग सुरू झाला, असा काहीतरी भास होतो. ‘हात धुऊन जेवण वाढले गेले’ हेही असेच कानाला बोचते. ‘ऊन’ लावलेल्या क्रियेचा कर्ता आणि पुढच्या क्रियेचा कर्ता एकच असावा, ही जाणीव आपल्यात मुळातच आहे. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला येणारे ‘इंग’चे रूप कर्त्याच्या बाबतीत आपल्या ‘ऊन’सारखे वागते, ‘ताना’सारखे वागत नाही. दोन क्रियांच्या वेळेचा हिशेब वेगळा असेल, तो सोडून द्यावा. कर्त्यापुरती तुलना बरोबर बसते. मराठी बोलणाऱ्याला ‘पोहोचून पाऊस सुरू झाला’ जेवढे खटकते, साधारण तेवढेच चोखंदळ इंग्रजी वाचकाला ‘गोइंग टु ऑफिस, द बस ब्रोक डाउन’ खटकते.

दुरुस्तीचे मार्ग दोनच आहेत. एक तर स्वल्पविरामानंतर खरा कर्ता आणावा, किंवा आधीच्या तुकड्याला त्याचा स्वतःचा कर्ता द्यावा: ‘व्हाइल आय वॉज गोइंग टु ऑफिस, द बस ब्रोक डाउन.’ गंमत अशी, की कडक ‘ऊन’लाही मराठी हीच सवलत देते. ‘पाऊस पडून रस्ता खचला’ हे वाक्य बिनचूक आहे, कारण तिथे ‘पडून’च्या शेजारी त्याचा कर्ता पाऊस हजर आहे. इंग्रजीतील ‘द रेन हॅव्हिंग स्टॉप्ड, वी सेट आउट’ ही जुन्या धाटणीची रचना अशीच निर्दोष ठरते.

कार्यालयीन लेखनात हा दोष कर्मणी प्रयोगाच्या आडून येतो. ‘आफ्टर रीडिंग द रिपोर्ट, द प्रपोजल वॉज रिजेक्टेड’ या वाक्यात अहवाल वाचला आहे तो प्रस्तावाने. खरा वाचणारा कोण, हे सांगायचे नसते म्हणून कर्मणी प्रयोग निवडला जातो, आणि लपवलेल्या कर्त्याची खुर्ची रिकामी दिसताच शेजारचे नाम तिच्यावर येऊन बसते. शास्त्रीय निबंधांत ‘युझिंग अ थर्मामीटर, द टेम्परेचर वॉज मेझर्ड’ अशी वाक्ये सर्रास आढळतात आणि त्यांच्याबद्दल संपादकांचे एकमत नाही. तापमापक संशोधकानेच वापरला, याबद्दल कोणालाही शंका येणे शक्य नसल्यामुळे मी स्वतः अशा वाक्यावर लेखणी चालवत नाही. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’ आणि ‘कन्सर्निंग’ हे शब्द तर मूळचे लोंबकळणारेच. वापरून वापरून ते आता शब्दयोगी अव्ययांच्या पंक्तीत जाऊन बसले आहेत आणि त्यांचा कर्ता कोणी विचारत नाही.

सर्वनामांकडे येताना स्वयंपाकघरातला एक डबा समोर ठेवू. ‘तिने डब्यातली चटणी काढली आणि तो धुतला.’ ‘तो’ म्हणजे डबा, कारण चटणी असती तर ‘ती धुतली’ असे आले असते. सर्वनामच नव्हे, तर क्रियापदसुद्धा डब्याकडे बोट दाखवते. आता इंग्रजी: ‘शी टुक द चटणी आउट ऑफ द टिन अँड वॉश्ड इट.’ येथे चटणी धुतली गेली, असाही अर्थ होतो, आणि तसा वाचला तर व्याकरणाची त्यावर काही हरकत नाही. निर्जीव वस्तूंना पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग वाटून दिल्याबद्दल मराठी शिकणारे परभाषक आपल्याला दूषणे देतात, पण चपाती, डबा आणि ताट एका वाक्यात आले तरी ‘ती’, ‘तो’ आणि ‘ते’ आपापल्या जागी नेमके पोहोचतात, ते या वाटणीमुळे. इंग्रजीत तिन्ही ‘इट’. मराठी लेखक निर्धास्तपणे सर्वनाम टाकतो तो या सवयीने, आणि इंग्रजीत त्याला तिथे नाम पुन्हा लिहावे लागते: ‘वॉश्ड द टिन’. नामाची पुनरुक्ती म्हणजे शैलीदोष, अशी शिकवण आपल्याला शाळेत मिळालेली असते. संदिग्धतेपेक्षा पुनरुक्ती पुष्कळ बरी.

दुसरे साधन ‘आपला’. ‘रमेशने सुरेशला आपल्या घरी नेले’ म्हणजे रमेशच्या घरी, आणि ‘त्याच्या घरी नेले’ म्हणजे सुरेशच्या किंवा तिसऱ्याच कोणाच्या. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘हिज हाउस’. अर्थात ‘आपला’ हाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याचा अर्थ ‘तुमच्या-माझ्या’ असाही होऊ शकतो. मराठीतील आदरार्थी बहुवचनही असाच घोळ घालते. ‘बाबा काकांशी बोलत होते आणि अचानक ते उठून गेले’ यात बाबा उठले, काका उठले की दोघेही, हे सांगणाऱ्यालाच विचारावे लागते. दोन्ही नामांचे लिंग-वचन सारखे असेल तर मराठीची सोय संपते. संगणकाला भाषा कळते का, याच्या चर्चेत प्रसिद्ध झालेले, संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांच्या १९७२ मधील वाक्यावर बेतलेले उदाहरण याच जातीचे आहे: नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती. येथे ‘त्यांना’ म्हणजे नगरसेवकांना. शेवट बदलून ‘कारण ते हिंसाचाराचा पुरस्कार करत होते’ असे म्हटले की ‘ते’ म्हणजे निदर्शक होतात. सर्वनामाची जागा तीच, निवाडा होतो तो जगाविषयीच्या माहितीवरून. व्याकरणाच्या हातात येथे फारसे काही नाही.

इंग्रजी भाषेने स्वतःच्या सर्वनामांतील एक गोंधळ दुसऱ्या भाषेकडून शब्द घेऊन मिटवला, ही नोंद येथे करायला हवी. जुन्या इंग्रजीत ‘तो’, ‘ती’ आणि अनेकवचनी ‘ते’ या तिघांसाठीचे शब्द ‘ह’ने सुरू होणारे आणि उच्चाराने एकमेकांच्या जवळचे होते. इंग्लंडच्या उत्तरेत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून ‘दे’ हे रूप आले आणि हळूहळू दक्षिणेकडे पसरले. सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत, म्हणून भाषाशास्त्रात या उसनवारीचे कौतुक आहे. पुढे हेच ‘दे’ एका माणसासाठीही वापरले जाऊ लागले: ‘समवन हॅज लेफ्ट देअर बॅग’. चौदाव्या शतकापासून हा प्रयोग आढळतो, तरी व्याकरणकारांनी दीर्घकाळ त्याला नावे ठेवली. कायद्याने दुसरा मार्ग काढला. ब्रिटिश संसदेने १८५० साली, आणि भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ ने, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो असे ठरवून टाकले. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने मात्र २०१९ सालचा शब्द म्हणून ‘दे’ हाच निवडला.

‘व्हिच’ आणि ‘धिस’ यांच्याबद्दल थोडेच सांगायचे आहे. ‘द मीटिंग वॉज कॅन्सल्ड बिकॉज द चेअरमन वॉज लेट, व्हिच अनॉइड एव्हरीवन’ या वाक्यात लोक बैठक रद्द झाल्यामुळे चिडले की अध्यक्ष उशिरा आल्यामुळे? ‘याचा सर्वांना राग आला’ असे मराठीत लिहिले तरी प्रश्न तसाच राहतो. ‘धिस’ एकटे न सोडता त्याच्यापुढे नाम ठेवावे, ‘धिस डिले’ किंवा ‘धिस कॅन्सलेशन’ असे लिहावे, की दोन्ही भाषांत शंका मिटते.

ज्यांना संदिग्धता परवडतच नाही त्यांनी सर्वनाम टाळण्याची युक्ती फार पूर्वी काढली आहे. आपल्याकडील खरेदीखतात ‘तो’ आणि ‘त्याला’ यांवर विसंबून कोणी जमीन देत नाही. तेथे एक ‘लिहून देणार’ असतो आणि एक ‘लिहून घेणार’. दस्ताच्या पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत हीच नावे प्रत्येक वाक्यात येत राहतात, आणि मिळकत ‘सदर’ मिळकत असते. वाचायला रुक्ष, पण पन्नास वर्षांनी वारसांना वाद घालायला सर्वनाम तरी शिल्लक राहत नाही. इंग्रजी दस्तांमधील ‘व्हेंडर’ आणि ‘पर्चेझर’ हेच काम करतात.

अर्जाचा शेवट सांगायचा राहिला. ‘बीइंग सिक’ने सुरू झालेला तो अर्ज ‘थँकिंग यू’ या शब्दांनी संपतो आणि खाली ‘युअर्स फेथफुली’ येते. हे ‘थँकिंग’ करणारा कोण? जुन्या पत्रांत या शब्दांपुढे वाक्य पुरे होत असे: ‘थँकिंग यू, आय रिमेन, सर, युअर ओबीडियंट सर्व्हंट.’ त्या रचनेत ‘आय’ हा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच हजर होता आणि व्याकरण चोख होते. पुढे आज्ञाधारक सेवक गेला, त्याच्याबरोबर ‘आय रिमेन’ही गेले, आणि कर्ता हरवलेले ‘थँकिंग यू’ तेवढे मागे राहिले. त्याच्यापुढचा स्वल्पविराम मात्र आपण अजूनही न चुकता देतो.